बाबा, तू मला चुकीचं सांगितलंस

‘स. न. वि. वि.

माझी मुलगी चौथीत आहे. बोलायला लागल्यापासून ती प्रश्न विचारून भंडावून सोडते. मी कॉमर्सचा, दहावीनंतर विज्ञानाशी संबंध उरला नाही. तरी बाबाला सगळं येतं असं तिला वाटायचं आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं. त्यामुळे येत नसलं तरी ठोकून द्यायचो. मनगटावरच्या शिरा निळ्या का? तर त्यातलं अशुद्ध रक्त निळं असतं. आंघोळीनंतर बोटं सुरकुततात का? तर कातडी पाणी पिऊन फुगते. खिडकीचा गज दारापेक्षा गार का? तर लोखंड मुळातच थंड. समुद्र निळा का? तर आकाशाचं प्रतिबिंब. उन्हाळा का येतो? तर सूर्य जवळ येतो.

मागच्या महिन्यात तिनं वर्गात हात वर करून निळ्या रक्ताचं सांगितलं. सगळा वर्ग हसला. घरी येऊन दप्तर फेकलं आणि म्हणाली, “बाबा, तू मला चुकीचं सांगितलंस.” मी ओशाळलो आणि उलट तिच्यावरच ओरडलो, “मग विचारतेस कशाला मला?” त्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलंय. तीन आठवडे झाले. घर शांत आहे आणि ती शांतता मला खाते आहे.

मुलं हमखास विचारतात असे शंभरेक प्रश्न आणि त्यांची अचूक उत्तरं, अशी यादी मिळेल का? पाठ करून ठेवीन म्हणतो.

– एक ओशाळलेला बाप

ता. क. बोटं मोडू नकोस, म्हातारपणी सांधे धरतील, असं माझी आई तिला सांगते. हे तरी खरं आहे ना?’

यादी मी देणार नाही. तुमच्या पत्रातली पाच उत्तरं पुन्हा एकदा वाचा. पाचही चूक आहेत, आणि त्यातलं एकही तुम्ही मनानं रचलेलं नाही. कुणीतरी ती तुम्हाला ठामपणे सांगितली होती, त्या सांगणाऱ्याला आणखी कुणीतरी. पाठ केलेली उत्तरं अशीच या हातातून त्या हातात जातात आणि वाटेत कुणी उघडून बघत नाही. मी शंभर दिली तर त्यातही अशी पाच-दहा निघतील. कुठली, ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही.

हे मी स्वतःवरून सांगते. एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातली निदान पंधरा वर्षं मी फळ्यावर जिभेचा नकाशा काढायचे: टोकाला गोड, कडांना खारट आणि आंबट, मागे कडू. एकदा सहावीतल्या एका मुलानं घरून पुडीत मीठ आणलं, बोटानं जिभेच्या टोकाला लावलं आणि म्हणाला, ‘बाई, इथे पण खारट लागतंय.’ मी म्हणाले, ‘पुस्तकात काय दिलंय ते बघ.’ पोरगं गप्प बसलं.

तो नकाशा १९०१ सालच्या एका जर्मन प्रबंधातून आलेला. जिभेच्या वेगवेगळ्या भागांना चवी किंचित कमी-जास्त जाणवतात, एवढंच त्यात म्हटलं होतं. १९४२ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्राच्या एका ग्रंथात त्याचा आलेख असा काही छापला गेला की त्या ‘किंचित’चं ‘इथेच लागतं, तिथे लागतच नाही’ होऊन बसलं. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी नव्यानं मोजून दाखवलं की जिथे जिथे रुचिकलिका आहेत तिथे सगळ्या चवी कळतात, फरक असला तरी अगदी थोडा. म्हणजे मी रंगीत खडूनं नकाशा काढत होते तेव्हा तो मोडीत निघून कितीतरी वर्षं झाली होती. आणि तपासायला लागलं असतं चिमूटभर मीठ. तेही त्या मुलानं आणलेलं होतं.

तेव्हा तुम्हाला एकच सवय लावून घ्यायची आहे. उत्तर तोंडावर आलं तरी ते क्षणभर गिळा आणि जिच्याबद्दल प्रश्न आहे त्या वस्तूलाच आधी विचारा. सगळ्या वस्तू उत्तर देत नाहीत, पण बऱ्याच देतात. तुमचेच प्रश्न घेऊन दाखवते.

रक्तापासून सुरू करू, कारण भांडण तिथेच झालंय. इथे आपली भाषाच थोडी फसवते. जुन्या पाठ्यपुस्तकांत हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी आणि हृदयाकडे परत आणणारी ती नीला. नावातच निळा! आकृतीत एक नळी लाल, दुसरी निळी. वर ‘शुद्ध रक्त’ आणि ‘अशुद्ध रक्त’. एवढी तयारी करून ठेवल्यावर निळं रक्त कुणाच्याही डोक्यात शिरेल. पण रक्त तपासायला देता तेव्हा सुई नीलेतच टोचतात. नळीत चढणारं रक्त गडद किरमिजी असतं, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. निळं रक्त आणि ती किरमिजी नळी, दोन्ही तुमच्या डोक्यात वर्षानुवर्षं शेजारी नांदत होती आणि कधी एकमेकींशी बोलली नाहीत. सगळ्यांचं असंच असतं, म्हणून तर मला या प्रश्नाची मजा वाटते.

‘अशुद्ध’ हा शब्द तर आता अडगळीत टाकावा. त्या रक्तात घाण नसते, ऑक्सिजन कमी असतो इतकंच. तोही फार कमी नाही. निवांत बसलेल्या माणसाच्या शरीरभर फिरून परत आलेल्या रक्तात, निघताना होता त्याच्या साधारण तीन चतुर्थांश ऑक्सिजन अजून शिल्लक असतो. धावायला लागलं की त्यातला आणखी वापरला जातो.

मग शिरा निळसर का दिसतात? पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. त्यातला लाल उजेड कातडीत खोलवर जातो, निळा वरच्या थरांतूनच बराचसा परत फिरतो. खाली शीर असेल तर आत गेलेला लाल उजेड तिच्यातलं गडद रक्त गिळून टाकतं, शेजारच्या कातडीतून मात्र तो परत येतो. म्हणजे शिरेच्या जागी लाल थोडा कमी पडतो. डोळे आजूबाजूशी तुलना करतात आणि मेंदू निकाल देतो: निळं. मनगटाचा जवळून फोटो काढा आणि फक्त शिरेचा तुकडा कापून पांढऱ्या पानावर ठेवा. निळा रंग बहुतेक उडून गेलेला असेल आणि करडट काहीतरी उरलेलं असेल.

याच्या जोडीचा प्रयोग रात्रीचा. खोलीत पूर्ण अंधार करा आणि मोबाइलच्या टॉर्चवर बोटाचं पेर घट्ट टेकवा. पण टेकवण्याआधी तिला विचारा, ‘बोटातून कुठल्या रंगाचा उजेड येईल?’ बोट निखाऱ्यासारखं लाल पेटतं. रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा उजेड शोषून घेतं आणि लाल पुष्कळसा पलीकडे जाऊ देतं. कोविडच्या काळात बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजायचो, आठवतं? तो चिमटा बोटातून लाल आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) असे दोन प्रकारचे किरण पाठवतो आणि कुठले किती गिळले गेले त्यावरून ऑक्सिजनचा हिशेब मांडतो. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. तुमच्या मुलीचा प्रश्न त्या चिमट्यापासून दोन पावलांवर होता.

आणि वर्गात हसलेल्या मुलांसाठी तिच्या खिशात एक गोष्ट ठेवून द्या. निळं रक्त असतं! ऑक्टोपसचं असतं. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेण्याचं काम लोह असलेलं हिमोग्लोबिन करतं, त्याच्या रक्तात तांबं असलेलं हिमोसायनिन. तांब्यामुळे ते निळं.

आता गज. हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न, कारण इथे आपली कातडीच आपल्याला चकवते. अ‍ॅल्युमिनियमचं एक पातेलं, लाकडी फळी, जाड पुस्तक आणि एखादं लोकरीचं कापड, असं सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवा, उन्हापासून आणि चुलीपासून लांब. सकाळी तिला डोळे मिटून हात लावू दे आणि गारपासून उबदारपर्यंत ओळीनं मांडू दे. पातेलं सगळ्यात गार ठरेल. मग सारख्या आकाराचे बर्फाचे दोन खडे घ्या, एक उपड्या पातेल्यावर ठेवायचा, एक फळीवर. ठेवण्याआधी विचारा, कुठला आधी वितळेल? ती बहुधा फळीवरचा म्हणेल. फळी उबदार ना! वितळतो पातेल्यावरचा, तोही डोळ्यांदेखत. जे ‘गार’ होतं त्यानंच बर्फ आधी संपवला. इथे कृपा करून पाच मिनिटं तोंड उघडू नका. आपली आधीच सगळं सांगून टाकायची खोड फार वाईट.

खोलीतलं सगळं एकाच तापमानाला आलेलं असतं. खोली पंचवीस अंशांवर असेल तर पातेलंही पंचवीस आणि फळीही पंचवीस. (थर्मामीटर लावून बघायचा मोह होईल, पण तापाचा इथे उपयोगाचा नाही, तो पस्तिसाच्या खालचं दाखवत नाही. खोलीचं तापमान दाखवणारा हवा.) बोटाची कातडी मात्र साधारण तेहतीस अंशांच्या आसपास असते. बोट टेकलं की उष्णता बोटाकडून वस्तूकडे वाहते. लाकडात ती आत शिरत नाही. बोटाखालचाच पातळ थर गरम होतो आणि देवाणघेवाण थांबते. धातू तीच उष्णता लगेच सगळीकडे पसरवून टाकतो आणि आणखी मागत राहतो. अ‍ॅल्युमिनियम लाकडाच्या हजार पटींहूनही जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं. बोट गार पडतं आणि आपण आळ घेतो गजावर. कातडीतल्या नसांना वस्तूचं तापमान कळतच नाही, त्यांना कळतं ते कातडीचं स्वतःचं. म्हणूनच तोच गज दुपारी उन्हात तापला की लाकडी दारापेक्षा जास्त चटका देतो. तेव्हा कुणी म्हणत नाही की लोखंड मुळातच गरम!

ही एक गोष्ट हाताला लागली की तिची पिल्लं निघत राहतात. दुलई गरम असते का? बर्फाचा एक खडा दुलईत गुंडाळून ठेवा, एक उघड्यावर ठेवा आणि तासाभरानं बघा. पंखा हवा गार करतो का? खोलीचा थर्मामीटर पंख्याखाली धरा, पारा ढिम्म हलणार नाही. पंखा फक्त अंगालगतची ऊबदार हवा हटवतो आणि घाम लवकर वाळवतो.

आणि माझ्या वर्गात दरवर्षी हमखास दंगा होणारा प्रयोग: तळहातावर ‘हाऽऽ’ केलं तर ऊब लागते, ‘फूऽऽ’ केलं तर गार. तोंड एकच, छातीही एकच, मग हवा दोन तऱ्हांची कशी? तिला म्हणा, आता हात अगदी ओठांजवळ आण आणि फुंक. गार लागत नाही! हात हळूहळू लांब नेला की गार व्हायला लागतं. ओठांच्या फटीतून सुसाट निघालेला झोत वाटेत आजूबाजूची खोलीतली हवा ओढून बरोबर नेतो, त्यामुळे हातावर पोचतो तेव्हा त्यात आपला श्वास थोडा आणि खोलीची हवा जास्त असते. शिवाय वाऱ्यानं कातडी वाळते. बऱ्याच मोठ्या माणसांनाही मी हे करायला लावलंय आणि ती बराच वेळ स्वतःच्या हातावर फुंकत बसली आहेत.

बोटांच्या सुरकुत्यांचं उत्तर तुमच्या उत्तराच्या नेमकं उलटं आहे. कातडी फुगत नाही, आतला भाग आकसतो. उशीतला थोडा कापूस काढला की खोळ सैल पडून चुण्या पडतात, तसं. घामाच्या छिद्रांतून पाणी आत जातं, तिथल्या क्षारांचं प्रमाण बदलतं, नसा ते टिपतात आणि बोटाच्या टोकातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रक्त कमी झालं की टोक बारीक होतं, कातडी तेवढीच राहते आणि तिला चुण्या पडतात. हे नसांचं काम आहे हे कसं कळलं? १९३० च्या दशकात ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ज्या रुग्णांच्या बोटांकडे जाणारी नस निकामी झालेली असते त्यांची बोटं पाण्यात कितीही वेळ ठेवली तरी गुळगुळीतच राहतात. नुसती कातडी पाणी पीत असती तर तिनं नसेची परवानगी कशाला मागितली असती? पुढे नस शाबूत आहे की नाही हे पाहायला डॉक्टर याच सुरकुत्यांचा उपयोग करू लागले.

घरी करायचं तर एक हात कोमट पाण्यात, दुसरा गार पाण्यात ठेवून घड्याळ लावा. कोमट पाण्यातली बोटं आधी सुरकुततात. कोपर बुडवून बसलात तर काही होत नाही, हा कारभार बोटांचा आणि तळव्यांचाच.

हे कशासाठी होत असावं यावर मात्र अजून एकमत नाही. २०१३ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना ओल्या गोट्या एका डब्यातून दुसऱ्यात टाकायला लावल्या आणि सुरकुतलेल्या बोटांनी काम लवकर होतं असं त्यांना आढळलं. ओल्या रस्त्यावर टायरच्या खाचा उपयोगी पडतात, तसंच काहीतरी. पुढच्याच वर्षी बर्लिनमधल्या गटानं तोच प्रकार करून पाहिला, त्यांना काहीच फरक दिसला नाही. घरात गोट्या असतील तर तिसरी चाचणी तुमची.

उन्हाळ्याचं झटकन सांगते. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. आणि सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, साधारण १५ कोटी २१ लाखांवर. जवळ आल्यानं उन्हाळा होत असता तर साऱ्या जगात जानेवारीतच घाम फुटला असता. खरं कारण पृथ्वीचा कललेला आस, साडेतेवीस अंशांचा. आपली बाजू सूर्याकडे कलली की ऊन जास्त सरळ पडतं, उलटीकडे कलली की तिरकं. टॉर्च कागदावर सरळ धरा, मग तिरका धरा. तेवढाच उजेड मोठ्या जागेत पसरून फिका पडतो.

समुद्राच्या प्रश्नावर तुम्ही ओशाळायचं काहीच कारण नाही. हे उत्तर देऊन चुकलेल्यांमध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले होते. आकाश निळं का, याचं आज आपण जे उत्तर देतो (हवेचे रेणू तांबड्यापेक्षा निळा उजेड चार-पाच पटींनी जास्त विखुरतात) ते याच रेलेंचं. त्यांना १९०४ चं नोबेल मिळालेलं होतं. समुद्राबद्दल ते म्हणाले की खोल पाण्याची निळाई म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, दुसरं काही नाही. एवढा मोठा माणूस म्हणाल्यावर विषय संपला.

१९२१ मध्ये इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीनं परतताना चंद्रशेखर वेंकट रामन डेकवर उभे राहिले आणि निकोल लोलकातून समुद्राकडे बघू लागले. हा लोलक विशिष्ट कोनातून धरला की पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेली चकाकी नाहीशी होते. प्रतिबिंब गेलं की निळाई जायला हवी होती. ती गेली नाही, उलट जास्तच खुलली. बोटीवरच त्यांनी टिपण लिहून काढलं. पाण्याचे रेणूच उजेड विखुरतात या विचाराचा माग काढत ते सात वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ ला, रामन परिणामापाशी पोचले (रेणूंवरून विखुरताना थोड्या उजेडाचा रंग बदलतो, तो हा परिणाम). १९३० चं नोबेल त्याबद्दल मिळालं.

गंमत इथेही संपत नाही. समुद्राच्या निळाईचं रामन यांचं उत्तरही पुरं नव्हतं. विखुरणं असतंच, पण मुख्य कारण आज असं मानतात की पाणी स्वतःच लाल उजेड थोडा थोडा गिळतं. पेलाभर पाण्यात ते जाणवत नाही, काही मीटर खोलीत जाणवतं. पांढऱ्या फरशीचा खोल पोहण्याचा तलाव ढगाळ दिवशी बघायला मिळाला तर तिला घेऊन जा. वर आकाश राखाडी आणि खाली पाणी फिकट निळं. प्रतिबिंब असतं तर राखाडीच दिसायला हवं होतं, नाही का?

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, पण सांधे धरतील हे काही खरं नाही. अमेरिकेत डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरांना लहानपणी आई, मावश्या-आत्या सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. त्यांनी काय करावं? पन्नास वर्षं रोज निदान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. मग दोन्ही हात तपासले. संधिवात ना इकडे ना तिकडे. १९९८ मध्ये त्यांनी हे एका वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून कळवलं आणि २००९ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. ते आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. एका माणसाच्या दोन हातांवरून जगाचा निकाल लागत नाही, हे खरं. पण इतरांनी केलेल्या पाहण्यांतही बोटं मोडणं आणि संधिवात यांची सांगड बसलेली नाही. आवाज हाडांचा नसतोच. सांधा ताणला की आतल्या द्रवातला दाब एकदम उतरतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआयमध्ये बोट ओढून हे चित्रितसुद्धा केलंय. एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं थांबावं लागतं. तेही करून बघा. आईंना मात्र तावातावानं सांगायला जाऊ नका, त्यांच्या कानाला तो आवाज नकोसा होत असेल तर तेवढं कारण पुरे आहे.

काही प्रश्न असे येतील की घरात करून बघण्यासारखं काही नसेल आणि पुस्तकातही ठाम उत्तर नसेल. जांभई घ्या. ऑक्सिजन कमी पडला की जांभई येते, असं आम्ही वर्गात सांगायचो. १९८७ मध्ये अमेरिकेत लोकांना शुद्ध ऑक्सिजन देऊन पाहिलं, कार्बन डायऑक्साइड वाढवून पाहिला, जांभया होत्या तेवढ्याच. आईच्या पोटातलं बाळ तर हवेत श्वासच घेत नाही, तेही जांभई देतं. मेंदू थंड ठेवण्यासाठी, जागं राहण्यासाठी, असे अंदाज बरेच आहेत, पक्कं काही नाही. तिथे ‘हे अजून कुणालाच नीट कळलेलं नाही’ असं सरळ सांगा. माझा अनुभव असा की या वाक्यावर मुलं नाराज होत नाहीत, त्यांचे डोळे चमकतात. नाराज होतात ती ‘मोठी झालीस की कळेल’ या वाक्यावर.

आता तीन आठवड्यांच्या अबोल्याचं. ‘विचार ना गं काहीतरी’ म्हणून तिच्या मागे लागू नका, ती लाजून आणखी मिटेल. माफी मागायची, पण दोन वाक्यांत: ‘तू म्हणालीस ते बरोबर होतं, रक्ताचं मी चुकीचं सांगितलं होतं. आणि ओरडलो, तेही चुकलं.’ एवढं बोलून थांबा. ‘बाबा पण माणूस आहे’ वगैरे पुढे जोडू नका, त्यात माफी पातळ होते.

मग त्याच रात्री, तिला न बोलावता, अंधारात बसून स्वतःच्या बोटाखाली टॉर्च लावा. ती डोकावेल. डोकावली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यावर आणि फळीवर बर्फ ठेवून चहा पीत बसा. ती आली की आधी तिचा अंदाज विचारा आणि तुमचाही सांगा. तुमचा चुकला तर उत्तम. वहीत दोघांचे अंदाज आणि झालं ते, असं लिहून ठेवायला तिला आवडेल असं मला वाटतं, पण वही तिची असू दे, तपासायला मागू नका.

पाणी कोमटच घ्या, कढत नको. बर्फ फार वेळ हातात धरू देऊ नका. टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर नको. आणि तिचा पुढचा प्रश्न आला की मला कळवा, उत्तर द्यायला नाही, मलाही करून बघायचं असेल.